पुरातून वाचलेला ग्रामोफोन: नवा करायचा की बोलका?

सांगलीच्या गावभागातल्या एका वाचकांच्या पत्राचा सारांश: आजोबांनी घेतलेला एचएमव्हीचा पेटीचा ग्रामोफोन आणि दीडएकशे तबकड्या २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात तळमजल्यावर राहून गेल्या. पाणी ओसरल्यावर वडील म्हणाले, "टाकून द्या." मुलाने टाकलं नाही. पोत्यात बांधून सगळं विश्रामबागेत मावशीच्या माळ्यावर नेऊन ठेवलं. येत्या मार्गशीर्षात, म्हणजे तीन महिन्यांनी, वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी ग्रामोफोन "अगदी नव्यासारखा" करून अचानक समोर ठेवायचा बेत आहे. पेटीच्या आत १०२ हा आकडा दिसतो. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याचं म्हणणं असं की पेटी कुजली आहे, तेव्हा यंत्र काढून नव्या शिसवी पेटीत बसवू, वर पितळी कर्णा लावू, साउंडबॉक्सही (पिनेची थरथर आवाजात बदलणारा गोल भाग) नवा देऊ. खर्च बावीस हजार. धाकटा भाऊ म्हणतो, आहे तसा विकू, अँटिक आहे, लाखभर येतील. यातलं काय करावं, आणि घरच्या घरी काय करता येईल, असा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

बाकी सगळं सावकाश बोलू, पण एक गोष्ट आजच्या आज पाळा. चावी देऊ नका. पुराचं पाणी यंत्रात शिरलं की पाणी वाळतं, गाळ मागे राहतो. कृष्णेचा हा गाळ जुन्या ग्रीसमध्ये कालवला की त्याचा पॉलिश पेपरवरच्या खरीसारखा लगदा होतो. "फिरतो का बघू" म्हणून चावी देऊन थाळी दोन मिनिटं फिरवली, तरी दाते आणि बुश (दांडे ज्यांत फिरतात त्या कड्या) इतके झिजतात की पुढे कितीही साफ केलं तरी घरघर जात नाही. इतकी वर्षं तो स्वस्थ पडून राहिला, हे त्याच्या भल्याचंच झालं.

आता व्यापाऱ्याचा प्रस्ताव. तुमचा ग्रामोफोन १०२ आहे. एचएमव्हीने हा नमुना १९३१मध्ये आणला आणि तो अनेक वर्षं चालला. याला बाहेरचा कर्णा कधीच नव्हता. कर्णा आहे, पण पेटीच्या पोटात. आवाज नळीतून खाली उतरतो, आतल्या पोकळ वाटेने रुंदावत जातो आणि झाकणावर आपटून समोर येतो. पितळी कर्णा आणि शिसवी पेटी ही चित्रपटांनी आणि हॉटेलांच्या दर्शनी कोपऱ्यांनी आपल्या डोळ्यांत बसवलेली प्रतिमा आहे. बाजारात चकचकीत कर्ण्याचे जे ग्रामोफोन दिसतात, त्यातले बहुसंख्य असेच तयार होतात: कुठल्यातरी घरातल्या खऱ्या पेटी-ग्रामोफोनचं यंत्र काढायचं, ते नव्या चौकोनी किंवा अष्टकोनी पेटीत बसवायचं आणि वर एचएमव्हीचं कुत्र्याचं चित्र चिकटवायचं. म्हणजे तुम्ही बावीस हजार देऊन एका खऱ्या वस्तूची नक्कल बनवून घेणार, आणि खरी वस्तू भंगारात जाणार. तुमच्या वडिलांनी लहानपणी जी काळी पेटी उघडताना पाहिली, ती या प्रस्तावात कुठेच उरत नाही. हे करू नका.

भावाचा हिशोबही तपासून बघण्यासारखा आहे. रागावून नाही, आकड्यांनी. १०२ फार मोठ्या संख्येने निघाला आणि विकला गेला. जुना आहे, पण दुर्मीळ नाही. पुरात भिजलेल्या, न वाजणाऱ्या १०२ला लाख मिळतील ही आशा सोडून द्या. खात्री हवी असेल तर भावालाच मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी एक फेरी मारू द्या. मात्र भाव विचारताना "विकत घ्यायला केवढ्याला" असं न विचारता "आमच्याकडचा घेणार असाल तर काय द्याल" असं विचारायला सांगा. या दोन उत्तरांतला फरक बघितला की घरातला वाद बहुधा तिथेच मिटेल.

तुमच्या पत्रातला "अगदी नव्यासारखा" हा शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुरुस्त करणं वेगळं आणि नवं करणं वेगळं. दुरुस्तीत यंत्राला त्याचं काम परत करता येतं. नवं करताना आपण बहुतेक वेळा त्याच्यावरच्या खुणा पुसतो, आणि पुसलेलं परत आणता येत नाही. जे उलटवता येणार नाही ते शेवटी करायचं, शक्यतो करायचंच नाही, एवढं धोरण ठेवलंत तर पुढचे निर्णय सोपे होतील.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी थाळी सरळ वर उचलून काढा. दांड्याला बारीक क्लिप असेल तर ती आधी काढावी लागते. मग फळीच्या कडेचे स्क्रू सोडवून फळी यंत्रासकट उचला. एका पुठ्ठ्यावर फळीचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू निघाला की त्याच जागी पुठ्ठ्यात खुपसा. लांबीत एक-दोन मिलिमीटरचा फरक असलेले स्क्रू चुकीच्या भोकात गेले तर लाकूड फाटतं किंवा यंत्रावर दाब येतो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा.

इथपर्यंत घरी करता येईल. स्प्रिंग मात्र घरी उघडू नका. गोल डब्यात गुंडाळलेली ही काही मीटर लांबीची पोलादी पट्टी असते. ती निसटली तर बोटं कापते, डोळा जाऊ शकतो. थाळी काढण्याआधी ब्रेक क्षणभर सोडल्यावर ती स्वतःहून फिरली तर ताण शिल्लक आहे. थाळी हललीच नाही तर स्प्रिंग रिकामी आहे की गंजाने अडकली आहे, हे बाहेरून कळत नाही. म्हणून ताण आहे असंच धरून चालायचं. अशा अवस्थेत कुणी गव्हर्नर (थाळीचा वेग आवरणारा भाग) सोडवला तर लगाम सुटतो, दाते सुसाट फिरतात आणि एका क्षणात सोलून निघतात. आधी चावीचा दांडा घट्ट धरून, खटका सोडून, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने ताण उतरवायचा असतो. हे ज्याला माहीत आहे त्याच्याच हाती यंत्र द्या. खास ग्रामोफोनवाला मिळायलाच हवा असं नाही. भिंतीवरची जुनी चावीची घड्याळं उघडणारा अनुभवी घड्याळजी हे काम जाणतो. एखादा बुश नवा कातून लागला तर कुपवाडच्या लेथवर तो होतो.

त्याला काय सांगायचं ते तुम्हाला माहीत हवं. स्प्रिंग डब्यातून पूर्ण बाहेर काढून रॉकेलने धुवायची. पट्टीवर नुसता तांबूस गंज असेल तर बारीक स्टील वूलने निघतो. पण नखाला लागतील असे खड्डे पडले असतील तर स्प्रिंग बदला, कारण तुटते ती खड्ड्यापाशीच. टोकाची अडकवण्याची खाच तुटली असेल तर पूर्ण स्प्रिंग फेकायची गरज नाही. टोकाचा इंचभर भाग लाल करून हळू थंड होऊ दिला की मऊ पडतो आणि तिथे नवी खाच पाडता येते. नवी स्प्रिंग मागवायची वेळ आलीच तर पट्टीची रुंदी, जाडी आणि डब्याचा आतला व्यास ही तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये कळवा. नुसतं "१०२ची स्प्रिंग" म्हटलं तर हाती येईल ती गळ्यात मारतात.

परत बसवताना ग्रॅफाइट ग्रीस, किंवा पेट्रोलियम जेलीत ग्रॅफाइटची पूड कालवून, पट्टीवर पातळ थर पुरे. जुनं ग्रीस वाळलं की वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग अचानक सुटतात. गाणं चालू असताना आतून "धप्प" असा आवाज येतो तो याचाच. गव्हर्नरच्या दांड्याला शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. खोबरेल तेल कुठेही नको. मार्गशीर्षातल्या थंडीत ते गोठतं, आणि एरवीही कालांतराने चिकट होतं. गव्हर्नरच्या चकतीला टेकणारी चामड्याची किंवा नमद्याची छोटी गादी तेलात मुरलेली हवी. ती कोरडी असली की किंचाळते आणि वेग मागेपुढे होतो. तरीही सूर लाटेसारखा हलत राहिला तर गव्हर्नरच्या तीन वजनांच्या पातळ पट्ट्या बघायला सांगा. एक जरी वाकली असेल तरी तिन्ही एकदम बदलायच्या, नाहीतर तोल जमत नाही.

वेग मिनिटाला ७८ फेरे. तबकडीखाली कागदाचा कपटा ठेवा आणि गाणं चालू असतानाच फेरे मोजा, कारण पिनेच्या ओझ्याने वेग थोडा उतरतो. बारकाईने बघायचं तर ७७ रेघांची स्ट्रोबची चकती कागदावर छापून घ्या. आपल्या ५० सायकलच्या विजेवर योग्य वेगाला या रेघा स्थिर दिसतात. मात्र बघायचं ते चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली. बऱ्याच एलइडी दिव्यांखाली ही युक्ती चालत नाही.

साउंडबॉक्स नवा घ्यायची घाई करू नका. नकली साउंडबॉक्सचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो आणि तो तबकडीही जास्त खरवडतो. तुमच्याकडे मूळचा आहे, त्याच्या पाठीवरचा क्रमांक बघा. ५ए किंवा ५बी असेल तर आत ॲल्युमिनियमचा पातळ पडदा आहे आणि पिनेची दांडी बारीक छऱ्यांवर तोललेली आहे. तो घरी उघडू नका. एक छरा हरवला की झालं. पडद्याला बोट लावू नका, पडलेला पोचा सरळ होत नाही. त्याआधीच्या काळचा, अभ्रकाच्या पडद्याचा साउंडबॉक्स निघाला तर काम सोपं आहे. अभ्रकात दुधी रेषा किंवा चीर आहे का ते उजेडात धरून बघायचं. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्या दगडासारख्या कडक झालेल्या असतात. त्या काढून तेवढ्याच जाडीची मऊ रबरी किंवा सिलिकॉनची नळी बसवायची, दोन टोकं एकमेकांना बरोबर भिडतील अशी. फट राहिली तर हवा गळते आणि खर्जातला आवाज जातो. पडद्याच्या मध्याशी जिथे स्क्रू आहे, तिथे मधमाश्यांच्या मेणाचा एक थेंब टाकून जागा बंद करायची. चढ्या तानेला चरचर येते ती बहुतेकदा इथूनच, किंवा साउंडबॉक्स नळीला जोडणारं मागचं रबर कडक झाल्यामुळे. मागची धातूची चकती फुगून तडकली असेल तर मात्र फिरवून काढायचा प्रयत्न सोडा, हातात तुकडे येतील. अशा वेळी जुना पण मूळ बनावटीचा साउंडबॉक्स शोधावा. तुमचा सगळा खर्च इथे झाला तरी तो सार्थकी लागेल.

पेटी खरंच कुजली आहे का, की नुसतं रेक्झिन सुटलं आहे? सांध्यांतून टोचणी खुपसून बघा. लाकूड भुसभुशीत लागलं तरच कुजलं. सांधे सुटले असतील तर ते सरसाने परत चिकटतात, आणि सरस हवा तेव्हा गरम पाण्याने सोडवता येतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांचे हात या कामाला सरावलेले आहेत. त्यांना फक्त एवढं सांगा की नवं रेक्झिन लावायचं नाही, जुनंच परत बसवायचं. झाकणाच्या आत कुत्र्याचं चित्र शाबूत असेल तर त्यावर ओलं फडकंसुद्धा नको. मऊ कोरडा ब्रश, बस. निकेल चढवलेल्या भागांना पितळेची पावडर-पॉलिश लावू नका. निकेलचा थर पातळ असतो, चार वेळा घासला की खालचं पितळ उघडं पडतं. पुराच्या पाण्याची रेघ पेटीवर उमटली असेल तर ती राहू द्यावी असं मला वाटतं. तेही त्या पेटीच्या आयुष्यातलंच आहे.

तबकड्यांकडे मात्र यंत्राइतकंच, किंबहुना जास्त लक्ष द्या. यंत्र आणखी मिळेल. या तबकड्या लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या बनलेल्या आहेत. पाण्याने त्या विरघळत नाहीत. स्पिरिटने मात्र विरघळतात, कारण स्पिरिट लाखेचा शत्रू आहे. त्यामुळे सॅनिटायझर, काचेचा स्प्रे, असलं काहीही नको. साध्या पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब टाका, मधल्या लेबलवर वाटी दाबून धरा, मऊ ब्रश रेषांच्या दिशेने गोल फिरवा, लगेच स्वच्छ पाण्याने पुसा, सुती कापडाने टिपा आणि सावलीत उभी करून वाळवा. उन्हात ठेवलेली तबकडी पापडासारखी वाकते. काही कोलंबियाच्या तबकड्या थरांच्या असतात, कडेने फुगलेल्या किंवा पदर सुटलेल्या दिसल्या तर त्या बाजूला ठेवा, पाणी लावू नका. चिखलाची पाकिटं फेकण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा. त्यावर सांगली-मिरजेच्या त्या काळच्या दुकानांचे शिक्के असतील तर ती माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

तबकड्या वाजवायच्या किती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो आहे. साउंडबॉक्सचं ओझं शंभर ग्रॅमहून अधिक असतं, आणि पोलादी पीन तबकडीतल्या दगडाच्या पुडीवर घासून स्वतःला रेषेच्या आकाराची करून घेते. तीनेक मिनिटांची एक बाजू संपेपर्यंत तिच्या टोकाला धार आलेली असते. म्हणून एक पीन एक बाजू, हा नियम कंजूषपणाने मोडायचा नाही. पुरात भिजलेल्या डबीतल्या गंजक्या पिना टाका, डबी ठेवा. नव्या पिना मिळतात, त्यातल्या मध्यम किंवा मंद आवाजाच्या घ्या. आणि इतकं करूनही प्रत्येक वाजवण्यात थोडी झीज होतेच. एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली प्लास्टिकची तबकडी, तर या यंत्रावर कधीही लावू नका. ती पहिल्याच फेरीत संपते.

म्हणून आधी डिजिटल प्रत करून घ्या. ७८चा वेग आणि ७८ची वेगळी जाड सुई असलेल्या विजेच्या प्लेअरवर हे होतं. त्याचं ओझं फक्त काही ग्रॅम असतं. एलपीची सुई या रुंद रेषेच्या तळाशी लटपटते आणि नुसती खरखर उचलते, तेव्हा सुईची चौकशी आधी करा. यादी करताना एक ध्यानात ठेवा. बालगंधर्व जवळच्या नागठाण्याचे, अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिलेले. आपल्या भागातल्या घरांत त्यांच्या तबकड्या असणारच, आणि त्यांचं बरंच गाणं पुढे पुन्हा निघालं आहे. तुमच्या पेटीत एखाद्या अनोळखी कीर्तनकाराची, पोवाडेकाराची किंवा एकाच बाजूला मुद्रण असलेली तबकडी निघाली तर ती यंत्रावर लावू नका. तिची प्रत आधी, आणि चीर असेल तर फक्त प्रत.

आता वडिलांविषयी. ते "टाकून द्या" म्हणाले, याचा अर्थ त्यांना तो नको होता, असा तुम्ही बहुधा धरला नाहीत, म्हणून तर जपलात. पण त्यांना अचानक धक्का दिला की आनंद होईल, हेही तुम्ही धरूनच चालला आहात. चिखलातून बाहेर काढलेली आपल्या वडिलांची वस्तू बघणं एखाद्याला सोसत नाही, म्हणूनही माणूस टाकून द्या म्हणतो. पन्नास पाहुण्यांसमोर, होम झाल्यावर, थकलेल्या अवस्थेत ती पुन्हा समोर येणं हे ऐंशीच्या माणसासाठी सुखाचं असेल किंवा नसेलही. आताच सांगितलंत तर काय बिघडेल? उलट झाकणाचा आधार कुठे अडकायचा, आजोबा कुठल्या वारी कुठली तबकडी लावत, कुठल्या गाण्याला सुई अडकायची, हे सांगणारा माणूस आज तुमच्या घरात आहे. दोन-तीन दुपारी त्यांच्यासोबत तबकड्या पुसा, ते बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. ग्रामोफोन वेळेत झाला नाही तरी ते तुमच्याकडे राहील. अचानकपणाची हौस असेलच तर कार्यक्रमात पहिली कुठली तबकडी लागणार, एवढंच गुपित ठेवा.

वेळेचं गणित तसं जमण्यासारखं आहे. यंत्र आणि साउंडबॉक्स या आठवड्यातच कामाला द्या, सुट्या भागांची वाट बघण्यात महिना जातो. पेटी त्याच वेळी मिरजेला. तबकड्या तुमच्याकडे. भावाला यादी आणि डिजिटल प्रतींचं काम द्या. विकायचं की नाही, हे कार्यक्रम झाल्यावर दोघांनी बसून ठरवा, घाई कशाचीच नाही.

पुढे ठेवायचा कुठे, तर गावभागात तळमजल्यावर नाही, एवढं नक्की. वरच्या मजल्यावर, खिडकीच्या उन्हापासून आणि देवघरातल्या धूप-तेलाच्या काजळीपासून दूर. काचेच्या बंद कपाटात पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि कोरड्या दिवशी दार उघडत चला. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, एकावर एक नाही. दीडशे तबकड्यांचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं, भिंतीवरची साधी फळी ते पेलणार नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तीन किंवा चार तबकड्या पुरेत, त्याही न चिरलेल्या आणि ज्यांची प्रत झाली आहे अशाच. बाजूगणिक एक याप्रमाणे पिना वाटीत मोजून ठेवा, दोन जास्तीच्या. वापरलेल्या पिनांसाठी झाकणाची दुसरी डबी ठेवा, लहान मुलं असतील. चावी प्रत्येक बाजूच्या आधी, गाणं चालू असताना नाही, आणि हाताला जड लागली की तिथेच थांबायचं. शेवटची तबकडी उतरवल्यावर थाळी मोकळी फिरू द्या, स्प्रिंग पूर्ण उतरेपर्यंत, आणि मगच झाकण लावा.